रिमोट माझ्याच हातात राहू दिलास

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नंबर घ्यायचा राहून गेला. नोकरीसाठी बंगळूरला गेलास एवढंच मैदानावरच्या मुलांकडून कळलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाच्या तरी हातून तुझ्यापर्यंत पोचेल.

डिसेंबरमधला तो रविवार तुला आठवत असेल. पुण्याजवळच्या पिरंगुटच्या पुढचं, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांशेजारचं माळरान. माझं रिमोटवर उडणारं फोमचं शिकाऊ विमान तिसऱ्यांदा नाकावर आपटलं होतं. उडवता येत होतं, वर चकरा मारता येत होत्या, पण उतरवायची वेळ आली की हात थरथरायचे. उतरायची पट्टी गाठणार नाही असं वाटलं की मी एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी, ओढायचो. नाक वर जायचं, वेग संपायचा आणि डावा पंख एकदम गळायचा. पस्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलंय, त्यामुळे मोडलेलं जोडायला मला वेळ लागत नाही. पण ते का पडतंय, हेच कळत नव्हतं. त्याचं फार वाईट वाटायचं.

तू जवळ येऊन म्हणालास, “काका, वेग एलिव्हेटरनं सांभाळा आणि उंची थ्रॉटलनं. खाली जातंय वाटलं तर थ्रॉटल द्या, नाक ओढू नका.” थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर.

आधीही दोघातिघांनी मला मदत केली होती. मनानं चांगली माणसं. पण विमान खाली येऊ लागलं की “द्या इकडे” म्हणत रिमोट घ्यायचे आणि सुरेख उतरवून द्यायचे. विमान वाचायचं, मी मात्र होतो तिथेच. तू हात पाठीमागे बांधून माझ्या खांद्यामागे उभा राहिलास. विमान वाकडंतिकडं व्हायचं, तुझा श्वास अडकलेला मला ऐकू यायचा, तरी तुझा हात पुढे आला नाही.

शंभरेक फुटांवर थ्रॉटल बंद करून मुद्दाम नाक वर धरायला लावलंस. पंख गळाला. “ओढणं सोडा, वेग येऊ द्या,” म्हणालास, आणि विमान आपोआप सावरलं. जमिनीजवळ तीनदा घडलेलं मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो.

मग टायमर सहा मिनिटांवर लावलास, म्हणजे पुन्हा वर न्यायची वेळ आली तरी बॅटरीत जीव राहील. पहिल्या बॅटरीला पट्टीवर टेकायचंच नाही असं ठरलं. वाऱ्याला तोंड करून डोक्याएवढ्या उंचीवरून पट्टीवरून जायचं, थ्रॉटल देऊन पुन्हा वर. असं आठ-नऊ वेळा. शेवटी शेजारच्या उंच गवतात अलगद सोडायला लावलंस. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होऊन माझा गोंधळ उडायचा, त्यावरही सोपी युक्ती दिलीस: जो पंख झुकलाय त्याच बाजूला रिमोटची दांडी न्यायची, पंखाला खालून टेकू दिल्यासारखी. आजही मनात “टेकू, टेकू” म्हणतच विमान आणतो.

दुसऱ्या बॅटरीला पट्टीवर आलो. फूटभर उरलं तेव्हा थ्रॉटल बंद केला. तू हळूच म्हणालास, “आता टेकवू नका, धरून ठेवा.” एलिव्हेटर जरा जरा घेत राहिलो. मागची चाकं कोरड्या मातीवर घासल्याचा खर्र आवाज आला, मग नाक खाली बसलं. मी रिमोट गळ्यात तसाच ठेवून तुला मिठी मारली होती.

आता लोहगाव विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की मान वर करून बघत राहतो. तेही नाक जरा उचलूनच येतं.

तू होतास तेव्हा वाकलेल्या पुढच्या चाकाला तुझ्या डब्यातली तार काढून दिली होतीस, पैसे घेतले नव्हतेस. आज सकाळी अकरा वेळा उतरवलं. तार अजून सरळ आहे.

तुझा,
मैदानावरचे काका