सूचना : नेटवर्क केबल घेण्याआधी

सर्व सभासदांनी कृपया लक्ष द्यावे. घरात नवी वायरिंग करून घेत असाल तर कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल घ्या. १ जीबीपीएस (सेकंदाला एक गिगाबिट) वेगाला १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. फ्लॅटमध्ये त्याहून वरच्या कॅट ८ वर पैसे घालवू नका.

खरी गोम तांब्यात आहे. केबलवर ‘सीसीए’ छापले असेल तर ती घेऊच नका. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा! रोध जास्त असल्याने लांबच्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज घसरते आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. शंका आल्यास तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर केबल परत करा.

गच्चीवर आउटडोअर केबलच टाका. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून मात्र ओढू देऊ नका.