गुलमोहर पुरे, ताम्हण लावा

संपादक महोदय,

पाऊस तोंडावर आलाय, म्हणजे आता परत वृक्षारोपणाची घाई सुरू होणार आणि नर्सरीत जे स्वस्त आणि भराभर वाढणारं मिळेल ते, गुलमोहर नाहीतर सोनमोहर, रस्त्याकडेला खोचलं जाणार, म्हणून आधीच लिहितेय. गुलमोहर दिसतो सुंदर, पण तो मूळचा मादागास्करचा, मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या गेटजवळचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला, खाली दोन स्कूटर चेपल्या, आणि दहा पावलांवरची बकुळ मात्र थोडी पानं गाळून तशीच उभी होती, आजही आहे.

आपल्या ठाणे-मुंबईच्या दमट हवेत, जिथे थंडी नावालाच, तिथे इथलीच झाडं टिकतात हो. ताम्हण घ्या, आपलं राज्यफूल, मूळचं ओढ्याकाठचं झाड त्यामुळे पायाशी पाणी साचलं तरी चालतं आणि ऐन मे महिन्यात जांभळंजांभळं होतं. करंजाला एप्रिलच्या उन्हात पोपटी पालवी येते, सावली हवी तेव्हाच मिळते. समुद्राजवळ असाल तर उंडी लावा, खारा वारा सोसते. वाढ हळू आहे हे खरं, म्हणून रोप जरा मोठं आणा, आणि एक कळकळीची विनंती, बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक नि सिमेंट गच्च बसवू नका, मीटरभर माती मोकळी सोडा, पाणी मुरायला जागाच नसेल तर कुठलं झाड जगणार?

— एक वाचक, ठाणे