लायब्ररीतून लिबसीएमटीचं नाव काढून देण्याबाबत

प्रति,
तांत्रिक सहाय्य विभाग

विषय : वजनकाट्याच्या इंडिकेटरसोबत दिलेल्या सदोष लायब्ररीबद्दल तक्रार

महोदय,

जळगावात मी जिनिंगवाले आणि केळीचे व्यापारी यांच्यासाठी काटापावतीचं सॉफ्टवेअर करतो. तुमचा इंडिकेटर रावेरच्या एका गिऱ्हाइकाकडे बसवला. वजन चोख येतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे सोबतच्या पेनड्राइव्हवरच्या स्टॅटिक लायब्ररीची, म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तुमच्या तयार कोडची.

माझा प्रोग्रॅम व्हिज्युअल सी++ मध्ये /एमडी ने, म्हणजे रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा मूळ कोड) वेगळ्या डीएलएलमधून घेऊन, कंपाइल होतो. तुमची लायब्ररी जोडली की लिंकर (सगळे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) एलएनके४०९८ ची, म्हणजे लायब्ऱ्या आपसांत भांडताहेत अशी, वॉर्निंग देतो आणि पाठोपाठ एलएनके२००५ ची, म्हणजे 'हे नाव आधीच आहे' अशा एररची, रांग लागते. दोन दिवस मी स्वतःचाच कोड उकरत बसलो. तिकडे केळीचे ट्रक काट्यावर, पावत्या हाताने, आणि मालक फोनवर : "भाऊ, काटा बरोबर दाखवतो, मग पावती कुठे अडली?"

शेवटी तुमच्या फाइलवर डंपबिन /डायरेक्टिव्ह्ज (ऑब्जेक्टात, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यात, लिंकरसाठी लिहिलेल्या सूचना दाखवणारी कमांड) चालवलं. प्रत्येक ऑब्जेक्टात तीच ओळ : /डिफॉल्टलिब:लिबसीएमटी, शेजारी ओल्डनेम्स ही दुसरी लायब्ररी. म्हणजे तुम्ही /एमटी ने, लिबसीएमटी हे स्टॅटिक रनटाइम धरून, कंपाइल केलं आणि तुमचं रनटाइम मला न विचारता माझ्या प्रोग्रॅममध्ये घुसलं. रनटाइम कोणतं घ्यायचं हे शेवटी लिंक करणाऱ्याने ठरवावं. लायब्ररी दुसऱ्याला द्यायची असेल तर ऑब्जेक्टात ते नाव लिहूच नये, यासाठीच /झेडएल हा पर्याय आहे.

हे कळवल्यावर तुमच्याकडून उत्तर आलं, "पर्याय चालूच आहे", सोबत स्क्रीनशॉट. त्यात झेडपुढे कॅपिटल आय आहे हो! मी म्हणतोय तो स्मॉल एल. दिसायला जुळे, पण आय डीबगची माहिती ठेवतो आणि एल लायब्ररीचं नाव गाळतो. अक्षरांत गोंधळ होत असेल तर प्रॉपर्टीजमध्ये सी++ खालच्या अॅडव्हान्स्ड पानावर 'ओमिट डिफॉल्ट लायब्ररी नेम' शोधा.

सध्या लिंकरला /नोडिफॉल्टलिब:लिबसीएमटी, म्हणजे 'ते नाव सोडून दे' अशी सूचना, देऊन मी गाडी ढकलतोय. पण तुमची चूक प्रत्येक गिऱ्हाइकाने आपापल्या प्रोजेक्टात का निस्तरायची? आणि मॅन्युअलमध्ये तर याबद्दल अवाक्षर नाही.

पंधरा दिवसांत /झेडएल लावून पुन्हा बिल्ड केलेली लायब्ररी पाठवावी, सोबत तिच्यावर चालवलेल्या डंपबिनचं आउटपुट जोडावं. धरणगावच्या जिनिंगसाठी आणखी दोन इंडिकेटर घ्यायचे आहेत. ती ऑर्डर तोवर थांबवली आहे.

आपला ग्राहक,
जळगाव