पहिल्या मॅचला बंदूक नको, नुसतं बघायला जा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात अमेरिकेतल्या बंदुकांवर लेख आला होता, त्यात पुठ्ठ्यांवर धावत धावत गोळ्या झाडणाऱ्या माणसाचा फोटो होता आणि खाली ‘युद्धाची हौस’ असं काहीतरी छापलेलं. बाकी लेखाबद्दल तक्रार नाही. माझी धाकटी शाळेत गोळीबार झाला तर टेबलाखाली लपायची ड्रिल करते, त्यामुळे इथं सगळं आलबेल आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू. पण तो फोटो ज्या खेळाचा आहे तो मी गेली तीन वर्षं खेळतोय, आणि तो लेख वाचून सांगलीहून आमच्या मावशीचा फोन आला की तू असल्या लोकांत जातोस का म्हणून हे पत्र. शिवाय इकडे नोकरीला आलेली आपली पोरं वरचेवर विचारतात की सुरुवात कशी करायची, त्यांनाही एकदाच सांगून टाकतो.

खेळाचं नाव प्रॅक्टिकल शूटिंग. आयपीएससी ही त्याची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 ला मिसूरीतल्या कोलंबिया गावात सुरू झाली, अमेरिकेतली यूएसपीएसए 1984 ची. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. आपल्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ मिळालं तो 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचा, तिथं श्वाससुद्धा मोजून घ्यायचा, आणि इथं घड्याळ चालू असताना पळायचं, वळायचं, मॅगझिन (गोळ्यांची डबी) बदलायचं आणि नेमही धरायचा, म्हणजे बुद्धिबळ आणि खो-खो इतका फरक.

हिशोब असा. पुठ्ठ्यावर ए, सी, डी असे भाग असतात, ए ला 5 मार्क, आणि माझ्यासारख्या साध्या 9 एमएमवाल्याला सी ला 3, डी ला 1, गोळी हुकली की उणे 10. एकूण मार्क भागिले लागलेले सेकंद, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. माझ्या पहिल्या मॅचमध्ये पहिल्याच स्टेजला (म्हणजे मॅचमधल्या एका टप्प्याला) 12 पुठ्ठे होते, प्रत्येकावर दोन गोळ्या. मला पडले 14 ए, 6 सी, 2 डी आणि दोन गोळ्या कुठं गेल्या ते त्या मातीच्या बांधाला ठाऊक. 70 मार्क, 48 सेकंद, म्हणजे दीडच्या खालीच. माझ्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, त्यांनी 19 सेकंदांत 114 केले. बरोब्बर 6. वर मलाच म्हणाल्या, हळू जा रे, घाई तुला परवडत नाही. 😄

आता सुरुवात. सगळ्यात आधी व्हिसा बघा, हे मी मुद्दाम आधी लिहितोय कारण एच-वन बी वर आलेले आपले कित्येक जण वीकेंडला रेंजवर जाऊन फोटो टाकतात आणि त्यांना पत्ताच नसतो. नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावाल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे, राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. रेंजवर भाड्याने हातात घेतली तरी तेच, मित्राची असली तरी तेच. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण नाही, मी त्यासाठी अकरा वर्षं थांबलो. दोन तासांच्या मजेसाठी इमिग्रेशनची फाईल कशाला खराब करायची, वकिलाला एक ईमेल टाका आधी.

मग बंदूक विकत न घेता नुसतेच एका मॅचला जा. प्रत्येकाचा खेळ झाला की पुठ्ठ्यांवरच्या भोकांना खाकी चिकटपट्ट्या लावायच्या असतात, ते काम मागून घ्या. अर्ध्या दिवसात कमांड्स पाठ होतात. अधिकाऱ्याने ‘मेक रेडी’ म्हटल्याशिवाय पिस्तूल होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) काढायचंच नाही, ‘स्टँड बाय’, मग टायमरची शिट्टी, आणि संपल्यावर रिकामं करून अधिकाऱ्याला चेंबर (गोळी बसते तो भाग) दाखवायचं. एरवी मैदानावर सगळ्यांची पिस्तुलं रिकामी. वेगळं सेफ्टी टेबल असतं, तिथं पिस्तूल हाताळता येतं पण काडतुसाला हात लावला की घरी.

घरी जाणं म्हणजे काय ते मी भोगलंय. दुसरी मॅच, पळता पळता मॅगझिन बदलायला गेलो, नजर खाली कमरेच्या पाऊचकडे, आणि पिस्तुलाची नळी बाजूला सरकत सरकत मागच्या बाजूला वळायला लागली, नियम असा की नळी 180 अंशांच्या रेषेच्या (समोरच्या बांधाला समांतर धरलेल्या रेषेच्या) मागे एक इंचही जाता कामा नये. मागून ‘स्टॉप!’ असा आवाज आला की माझे पाय जागीच रुतले. कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. अधिकाऱ्याने शांतपणे पिस्तूल रिकामं करून घेतलं, होल्स्टरमध्ये ठेवायला लावलं, बॅगेत भरेपर्यंत सोबत उभा राहिला आणि म्हणाला तुझा आजचा दिवस संपला. 30 डॉलर फी गेली, दीड तास गाडी चालवून आलेलो. मी तिथंच थांबून संध्याकाळपर्यंत चिकटपट्ट्या लावल्या, निघताना तोच अधिकारी पुढच्या महिन्याची तारीख सांगून गेला. चापावर बोट ठेवून पळालं, पिस्तूल हातातून पडलं, तरी हीच शिक्षा, चॅम्पियन असो की नवखा. हे सगळं त्या फोटोत दिसत नाही एवढंच माझं म्हणणं.

सामानाचं थोडक्यात. साधं 9 एमएम पिस्तूल, चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, जाड पट्टा, चार-पाच मॅगझिन, कानाला-डोळ्याला संरक्षण, दीड-दोनशे गोळ्या. महागडं ऑप्टिक (नेम धरायची काच) आणि रेसिंगवालं पिस्तूल पहिल्या वर्षी घेऊ नका, मी घेतलं आणि हिट फॅक्टर होता तिथंच राहिला. त्यापेक्षा घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. आमची ही म्हणते रोज रात्री दहा मिनिटं हा माणूस भिंतीला हँड्स अप करायला लावतो.

आणि भारतात असाल तर हे सगळं विसरा, जवळच्या रायफल क्लबात जाऊन 10 मीटरच्या एअर पिस्तूलपासून सुरू करा, 4.5 मिमीचा छर्रा.

मावशीला पत्राचं कात्रण पाठवणार आहे, छापलंत तर. तो फोटोखालचा मजकूरही जमल्यास दुरुस्त करावा.

आपला,
एक जुना वाचक (मूळ सांगली), सध्या टेक्सस