मुलींच्या हाती शिट्टी द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शालेय फुटबॉल स्पर्धांत महिला पंचांची नेमणूक करण्याबाबत

मा. महोदय,

सप्रेम नमस्कार.

१३ जानेवारी २०२४ रोजी कतारमध्ये आशियाई चषकात भारताचा सामना ऑस्ट्रेलियाशी झाला. आपण ०-२ असे हरलो, त्यामुळे पुढचे दोन दिवस चर्चा रंगली ती आपल्या बचावफळीची. त्या सामन्यात मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या पंचांकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष गेलं. त्या होत्या जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशियाई चषकात मुख्य पंच म्हणून सामना चालवणारी पहिली स्त्री. दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन धावत होत्या माकोतो बोझोनो आणि नाओमी तेशिरोगी. कर्णधार सुनील छेत्रीसकट आपला अख्खा संघ त्या दिवशी या तिघींच्या निर्णयावर खेळला.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि शालेय फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. यामाशितांची वाटचाल मी बारकाईने बघत आले आहे, कारण ती कुणा एकीच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगून मोकळं होता येत नाही. जिद्द तर होतीच. पण प्रत्येक टप्प्यावर पुढची पायरी कुणीतरी बांधून ठेवली होती आणि पायऱ्या बांधणं हे शासनाच्या हातात असतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

यामाशिता मुळात खेळाडू. पंचगिरीकडे वळल्या त्या बोझोनो यांच्या आग्रहामुळे, जवळजवळ ओढूनच नेल्यामुळे. २०१५ मध्ये फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत नाव आलं, २०१९ मध्ये फ्रान्समधला महिला विश्वचषक मिळाला. इतकं होऊनही पोटापाण्यासाठी त्या फिटनेस प्रशिक्षक म्हणून अर्धवेळ काम करत होत्या. मे २०२१ मध्ये जपानच्या तिसऱ्या श्रेणीच्या पुरुष लीगमध्ये, म्हणजे जे-थ्रीमध्ये, योकोहामाच्या वायएससीसी संघाचा मियाझाकीशी झालेला सामना त्यांनी चालवला. जे-लीगमध्ये तोवर एकाही बाईने मुख्य पंच म्हणून शिट्टी वाजवली नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये जपानची अव्वल श्रेणी. या दोन्हींच्या मध्ये, ऑगस्ट २०२२ मध्ये, एक गोष्ट घडली आणि माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे : जपानच्या फुटबॉल संघटनेने त्यांना व्यावसायिक पंच म्हणून करारबद्ध केलं. तिथून पुढे पंचगिरी हीच नोकरी.

त्याच वर्षी कतारच्या पुरुष विश्वचषकासाठी निवडलेल्या ३६ मुख्य पंचांत तीन स्त्रिया होत्या : यामाशिता, रवांडाच्या सलिमा मुकानसांगा आणि फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार. मुख्य पंच म्हणून सामना फक्त फ्रापार यांना मिळाला, कोस्टारिका विरुद्ध जर्मनी. यामाशिता चौथ्या पंच म्हणून रेषेबाहेर उभ्या राहिल्या.

त्यांचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर २० जुलै २०२३ चा ऑकलंडचा सामना जरूर बघावा. महिला विश्वचषकाचा सलामीचा सामना, यजमान न्यूझीलंड नॉर्वेविरुद्ध १-० ने पुढे, मैदानात ४२ हजारांवर प्रेक्षक. नव्वदावं मिनिट जवळ आलेलं असताना नॉर्वेच्या खेळाडूच्या हाताला पेटीत चेंडू लागला. यामाशिता पडद्याकडे गेल्या, चित्रण बघितलं, मैदानात परत आल्या आणि माइकवरून अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असा निर्णय सांगितला : पेनल्टी. महिला विश्वचषकात पंचाने आपला निर्णय असा बोलून दाखवण्याची ती पहिलीच वेळ. पेनल्टी आडव्या खांबाला लागून वाया गेली, तरी सामना यजमानांनीच जिंकला. ज्याने कधी गळ्यात शिट्टी अडकवली आहे त्याला विचारा, अशा क्षणी आवाज न कापता बोलणं काय असतं.

‘बायकांना पुरुषांचा वेग झेपेल का’ हा प्रश्न मला दर मोसमात ऐकावा लागतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी पंचाला फिफाची जी चाचणी द्यावी लागते, ती बाईलाही तशीच द्यावी लागते. ४० मीटरची धाव सहा वेळा, दर वेळी सहा सेकंदांच्या आत. मग ७५ मीटर पंधरा सेकंदांत धावायचं, २५ मीटर अठरा सेकंदांत चालायचं, लगेच पुन्हा धावायचं, असं चाळीस वेळा. चारशे मीटरच्या ट्रॅकला दहा फेऱ्या होतात. यामाशितांना यात एका सेकंदाचीही सूट नव्हती.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. गोव्याच्या मारिया रेबेलो आधी भारताकडून खेळल्या आणि पुढे पंच होऊन आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये पुरुषांचा सामना चालवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. २०२२ मध्ये महिला आशियाई चषक अंधेरी, नवी मुंबई आणि बालेवाडीत झाला, त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. तिथे शिट्टी बायकांच्याच हाती होती आणि आपल्या राज्याने त्यांची उत्तम व्यवस्था ठेवली होती. परदेशी पंच आल्यावर जे जमतं, ते तालुक्याच्या मैदानावर का जमू नये?

आता तालुक्याच्या मैदानाचं सांगते. एका शालेय स्पर्धेत मला कपडे बदलायला दिलेल्या खोलीला कडीच नव्हती. माझ्या शाळेतली एक मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली, तेव्हा मी किट चढवलं. बाहेर आले तर यादीत माझं नाव मुलींच्या सामन्यांपुढेच होतं. मुलांच्या सामन्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, तुम्ही टेबलावर बसा, स्कोअर लिहा.” कुणी वाईट बोललं नाही, उलट खुर्ची दिली, चहा दिला. पण चहा पिऊन कुणी पंच होत नाही. पंच होतो तो सामने चालवून, चुकून, शिव्या खाऊन आणि पुढच्या रविवारी परत उभं राहून. कोल्हापुरात पेठापेठांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून जो आवाज येतो, तो झेलायची सवय एखाद्या मुलीला लावायची असेल तर ती चौदा वर्षांच्या मुलांच्या सामन्यापासूनच लावायला हवी.

मोठ्या लीगमध्ये पंच कोण असावा हे संघटना ठरवतात, त्याबद्दल मी आपल्याकडे काही मागत नाही. शालेय स्पर्धा मात्र आपल्या विभागाच्या आहेत. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या चारही स्तरांवर, मुलांच्या सामन्यांसह, पात्र महिला पंचांची नेमणूक व्हावी, असा लेखी आदेश निघावा. नुसतं ‘प्राधान्य द्यावे’ लिहिलं तर काही होत नाही, हे आपणही जाणता. मैदान मंजूर करताना कडी असलेली खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह तपासलं जावं. मानधन स्पर्धा संपते त्याच दिवशी मिळावं. गावाकडची मुलगी एसटीने येते, पदरचे पैसे घालते आणि मानधनाची वाट बघत बसते, मग घरचे म्हणतात, पुरे झालं. शाळा सुटल्यावर फुटबॉल सुटलेल्या अशा कितीतरी मुली मी बघितल्या आहेत. त्यांच्यातल्या काही जणींना पंच प्रशिक्षणाच्या शुल्काची मदत मिळाली आणि पहिल्या दोन मोसमांत ठरावीक सामन्यांची हमी मिळाली, तर त्या टिकतील.

शालेय स्पर्धांच्या नियोजनाच्या बैठका पावसाळ्याच्या सुरुवातीला होतात आणि पंचांच्या याद्याही तिथेच ठरतात. आदेश त्या बैठकांच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका व फुटबॉल पंच,
कोल्हापूर जिल्हा