स्पीड फुल आहे, मग गेम का तुटतो?

मा. संपादक,
स.न.

घरातल्या गेम कन्सोलला (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरे) नेट नीट मिळत नाही ही तक्रार कुणी मनावरच घेत नाही, पोरांचा खेळ तो, बंद पडला तर बरंच झालं म्हणून मोठी माणसं हात झटकतात आणि कस्टमर केअरवालेही तेच करतात, म्हणून मुद्दाम हे पत्र लिहितोय. आमचा मुलगा संध्याकाळी मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो. कधी लॉबीतूनच, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी सगळे जमतात तिथूनच, बाहेर फेकला जायचा, कधी पार्टी चॅटमधे सगळ्यांचा आवाज यायचा पण एकाच मित्राचा नाही. नेट कंपनीला फोन केला की ठरलेलं उत्तर, "सर, आमच्याकडून स्पीड फुल येतोय." येतच होता की! मोबाइलवर व्हिडिओ मस्त चालत होते. पोरगं उगाच रडतंय असं घरात सगळ्यांना वाटायला लागलं, आणि ते मला फार लागलं कारण तो खरं बोलत होता.

व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, मधे क्षणभर नेट गेलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेमला ती सोय नाही, बटण दाबलं की ते तिकडे लगेच पोचलं पाहिजे. तिथे एमबीपीएस म्हणजे स्पीड किती यापेक्षा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती, तो स्थिर आहे का, मधे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, गळतात का हे महत्त्वाचं. घरात कुणाच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की अपलोड भरून जातो आणि पिंग एकदम वर जातो, आणि स्पीड टेस्ट मात्र आपण सगळं शांत असताना करतो, मग ती छानच येणार.

कन्सोलच्या सेटिंगमधे नेटवर्क टेस्ट असते ती लोक करतात पण वाचत नाहीत, नुसतं फेल दिसलं की राउटर बंद-चालू. अहो, त्यात एकेक ओळ असते, कुठली ओळ अडकली ते बघा. आयपी पत्ताच (नेटवर्कवरचा कन्सोलचा नंबर) मिळाला नाही किंवा 169.254 ने सुरू होणारा मिळाला, तर कन्सोलचं राउटरशीच जमलेलं नाही, वायफाय, पासवर्ड किंवा केबल बघायची. आयपी मिळाला पण इंटरनेट फेल, तर लाइन किंवा डीएनएस, डीएनएसच्या जागी 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 (हे कुणालाही वापरता येणारे डीएनएस) टाकून बघायला हरकत नाही (डीएनएस बदलला की गेममधला पिंग कमी होतो असं पोरं एकमेकांना सांगतात, तसं काही नसतं, तो फक्त नावावरून पत्ता शोधून देतो). आणि इंटरनेट ओके पण अकाउंटला साइन इन होत नाही, तर आधी कन्सोल कंपनीचं स्टेटस पेज उघडा. फेब्रुवारी 2025 मधे प्लेस्टेशन नेटवर्क जगभर जवळजवळ एक दिवस बंद होतं, 2011 मधे तर 23 दिवस, अशा वेळी घरातला राउटर कितीही उचकटला तरी काय होणार?

वायफायचं म्हणाल तर टीव्हीच्या मागे कपाटात कोंबलेल्या कन्सोलला सिग्नल मिळणं अवघडच. राउटर लांब असेल तर वायफायचा 2.4 बँड, जवळ असेल तर 5 गिगाहर्ट्झचा, पण 2013 च्या पहिल्या प्लेस्टेशन 4 ला 5 दिसतच नाही हेही लक्षात असू द्या. शक्य असेल तर सरळ लॅन केबल ओढा, निम्म्या कटकटी तिथेच संपतात.

आमची मात्र केबल लावूनही संपली नाही, कारण दुखणं वेगळंच होतं. टेस्टच्या शेवटी नॅट टाइप म्हणून एक ओळ येते, बाहेरच्याला आपल्या कन्सोलपर्यंत किती मोकळं येता येतं ते ती सांगते, प्लेस्टेशनवर 1, 2, 3, एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट, निन्टेंडोवर ए, बी, सी, डी अशी. आमच्याकडे 3 दिसत होता, सगळ्यात बंदिस्त, म्हणजे बाहेरून मित्राच्या कन्सोलला आमच्यापर्यंत थेट येताच येत नव्हतं. मग राउटरच्या सेटिंग पेजवरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) आणि आपला आयपी दाखवणाऱ्या वेबसाइटवर दिसणारा पत्ता शेजारी शेजारी ठेवून बघितले, दोन्ही वेगळे! वॅन आयपी 192.168 ने सुरू होत असेल तर बहुतेक घरातच एकापुढे एक दोन राउटर आहेत, एक ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल असा, टाकला की काम होतं. पण तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांमधे वाटलाय, त्याला सीजीनॅट म्हणतात. एकाच पत्त्यावर शंभर बिऱ्हाडं आणि दारावर पाटी नाही, पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? अशा वेळी आपल्या राउटरवर यूपीएनपी चालू करा, पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आत यायची वाट उघडायच्या या दोन पद्धती), काही उपयोग नाही, कारण अडवणारं दार आपल्या घरात नाहीच.

जुन्या पद्धतीचे आयपीव्ही4 पत्ते जगात 430 कोटीच्या आतच आहेत, ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या हे करतात, ते मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की कनेक्शन देताना फॉर्मवर स्वच्छ लिहा ना, पत्ता स्वतंत्र की वाटून घेतलेला, आयपीव्ही6 म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता मिळेल का, स्वतंत्र पत्ता मागितला तर देणार का. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. उलट एका फोनवर सल्ला मिळाला की कन्सोल फॅक्टरी रिसेट करा. त्याने नॅट टाइप तसूभर हलत नाही, पण क्लाउडवर किंवा यूएसबीवर कॉपी नसेल तर पोराचे सगळे सेव्ह केलेले गेम पुसले जातात, आणि हा सल्ला फोनवर इतक्या सहज देतात याचा मला राग आहे. शेवटी स्वतंत्र पत्ता मागून घेतला, टाइप 3 चा 2 झाला आणि त्या एका मित्राचा आवाज यायला लागला.

आपल्या पेपरात मोबाइलच्या अडचणींवर इतकं छापून येतं, तसं यावरही सविस्तर छापा ही विनंती. तोवर ज्यांच्या घरी हाच त्रास चालू आहे त्यांनी फोन लावायच्या आधी नॅट टाइप, वॅन आयपी आणि टेस्टमधे अडकलेली ओळ कागदावर लिहून घ्या, आणि पलीकडून स्पीडचं सुरू झालं की त्यांना सरळ विचारा, माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे का, हो की नाही.

आपला,
एक नियमित वाचक