दुधाची पिशवी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलंस, फोडणी टाकली की छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र, तो स्मोक डिटेक्टर, कोकलतं म्हणून त्याला दुधाची पिशवी बांधली. आईही हसली. मी आवाज चढवला, ते मनावर घेऊ नकोस. पण पिशवी काढ.

त्याच्या आत अंधारी डबी असते. तिच्यातला प्रकाश एरवी सेन्सरवर पडत नाही. धूर शिरला की तो विखुरतो, सेन्सरला दिसतो आणि इमारतीच्या फायर अलार्म पॅनेलला निरोप जातो. पिशवीतून धूर शिरणार कुठून? उलट डिटेक्टर काढून ठेवला असतास तर पॅनेलवर पिवळा फॉल्टचा दिवा लागून वॉचमन तरी वर आला असता. पिशवी असली की पॅनेलच्या लेखी सगळं ठीक. मला धास्ती आहे ती ह्याचीच.

मालकाला सांग, स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर लावून घ्या. तो फोडणीला भीक घालत नाही. तापमान ठरल्या आकड्याला पोचलं किंवा झपाट्याने चढलं, तरच बोंबलतो. आणि हूटर, म्हणजे आगीचा भोंगा, वाजल्यावर वॉचमनने पॅनेलवरचं 'सायलेन्स' दाबलं म्हणून आग नाही असं धरू नकोस. आवाज तेवढा बंद होतो. डिसेंबर २०१७ला कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, कितीतरी धुराने गुदमरून. आपल्या घरापासून किती लांब आहे ते?

झालं, पुन्हा भाषण. आई म्हणते, पोरीला पत्र लिहिताय की कंपनीला रिपोर्ट?

चाळीत आपल्याला हूटर लागलाच नाही. कुणाचा भात लागला की सावंतकाकी आधी ओरडायची. आठवतं, शाळेला सुट्टी होती म्हणून तुला फोर्टातल्या साइटवर नेलं होतं? टेस्टिंगला जिन्याजवळच्या लाल डबीची काच तुझ्याच बोटाने दाबली. हूटर सुटला, साहेब दचकले आणि तू टाळ्या पिटल्यास! तीच पोर आज एकोणिसाव्या मजल्यावर स्वतःच्या पगारातून भाडं भरते, हे मी अख्ख्या लालबागला सांगून झालोय. तुला तेवढं सांगायचं राहिलं.

पण एकोणीस मजले, सायली. एवढ्या उंचीवर पिशवी बांधून झोप कशी लागते तुला?

रविवारी येतो. बंड्याची शिडी लोकलमधून आणता येणार नाही, तर सोसायटीची मागून ठेव. मग तुमचा जिना एकदा खालपर्यंत उतरून बघू, लिफ्ट नाही. आईचे गुडघे नकोत, आपण दोघंच.

तुझे पप्पा